दुपारी दोन चाळीसचा फोन

१

ही हकिगत दोन हजार सहा सालची. त्या वर्षी दवाखान्याच्या तळघरात दुसरं धुलाईयंत्र आलं आणि त्याच वर्षी, एका बुधवारी, माझी धाकटी बहीण स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर रक्त जाऊन मेली. वय एकतीस. तिनं ज्या दवाखान्याला फोन करून मदत मागितली, त्याच दवाखान्याच्या तळघरात मी त्या वेळी चादरी धूत होते. तिच्या घरापासून गाडीनं दहा मिनिटं.

बायकांचा दवाखाना होता तो. धुलाई विभाग माझ्याकडे. मला सगळे खळमावशी म्हणायचे. मी खळ घातलेला कोट आत माणूस नसतानाही उभा राहतो, अशी माझी ख्याती होती. माझ्या हाताखाली एक बुटकीशी बाई होती, तिला आम्ही बुटकीच म्हणायचो. ती कुठलाही डाग दिसला की आधी उकळतं पाणी ओतायची. मी रोज ओरडायचे, ती रोज हो म्हणायची आणि रोज तेच करायची.

धाकटी मोटारींच्या सुट्या भागांच्या गोदामात टेलिफोनवर ऑर्डरी घ्यायची. समोरचा जे सांगेल ते शब्दशः परत म्हणून दाखवायचं, ही तिच्या कामाची शिस्त. ती घरातही सुटली नव्हती. "साबण आण," म्हटलं की म्हणायची, "साबण एक, अंगाचा, बरोबर?" नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दोन मुलं होती. तिसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा तिला ते नको होतं. तिनं मला विचारलं नाही, सांगितलं.

"ताई, सातवा आठवडा आहे. गोळ्यांनी होतं म्हणे. कुठे जाऊ?"

"आमच्याकडे ये," मी म्हणाले. "आमची उंच सिस्टर आहे. ती तुझं नीट करील."

हे वाक्य पुढे तीन आठवडे मला टोचत राहिलं.

सोमवारी मी तिच्याबरोबर वर गेले. सोनोग्राफी झाली, गर्भ पिशवीतच होता, सगळं ठीक होतं. उंच सिस्टर म्हणजे ताडासारखी, बोलणं मोजकं. तिनं धाकटीला समोर बसवलं.

"पहिली गोळी आत्ता, माझ्यासमोर. तिनं गर्भाची वाढ थांबते. या दुसऱ्या चार परवा सकाळी घरी. दोन या गालात, दोन त्या गालात. अर्धा तास तशाच ठेवायच्या, उरलंसुरलं पाण्याबरोबर गिळायचं. मग कळा येतील, रक्त जाईल, पाळीपेक्षा जास्त, गाठीही पडतील. थंडी वाजेल, थोडा ताप येईल, उलटी, जुलाब, यातलं काहीही होईल. काही तासांत उतरतं. कळांना ही दुखण्याची गोळी आणि गरम पाण्याची पिशवी. पण तासाला दोन पॅड पूर्ण भिजले आणि लागोपाठ दोन तास तसंच चाललं, तर ते नेहमीचं नाही. मग फोन करायचा. फोन लागला नाही तर गाडी करून सरळ इथे."

"तासाला दोन, दोन तास, म्हणजे चार," धाकटी म्हणाली. "चार झाले की फोन. बरोबर?"

"बरोबर. हजारात एखादीला होतं. पण ती एखादी आपण नाही असं धरून चालायचं नाही."

मग सिस्टरनं पिवळं कार्ड भरलं. गोळ्यांच्या बायकांनाच ते मिळायचं. त्यावर गोळ्यांची वेळ, भिजलेल्या पॅडचे रकाने आणि फोन नंबर. उशाशी खिळ्याला अडकवता यावं म्हणून सिस्टर प्रत्येक कार्डाला पंचानं भोक पाडायची. धाकटीच्या कार्डाचं पहिलं भोक अगदी कडेला पडलं आणि फाटलं, म्हणून तिनं शेजारी दुसरं पाडलं.

"दोन भोकं," धाकटी हसली. "सिस्टर, आता दोरा ओवते आणि कोटाला लावते, बटण म्हणून."

तिचं ते हसणं मला अजून ऐकू येतं.

२

बुधवारी सहा वाजता मेहुणा दुकानातून घरी आला आणि शेजारच्या बाईंच्या दारावर धक्के मारू लागला. शेजारच्या बाईंनी दवाखान्याला फोन केला. उंच सिस्टर मिळाली त्या रिक्षानं आधी पोचली. मोठे डॉक्टर स्वतःच्या गाडीनं गेले. दवाखाना त्यांचाच. पस्तीस वर्षं बाळंतपणं केलेला माणूस, रस्त्यानं चालला की बायका पोरांना पाया पडायला लावायच्या.

मी शेवटी पोचले. मोठे डॉक्टर बाहेर पडत होते. त्यांचा एक हात पांढऱ्या कोटाच्या खिशात होता, दुसरा त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला.

"मावशी, उशीर झाला हो. वेळेत कळवलं असतं तर."

आत गेले. जे पाहिलं ते लिहीत नाही. वीस वर्षं मी रक्ताचे कपडे धुतले होते, पण त्या गादीला मी हात लावू शकले नाही. मग हात कुठे लावायचा म्हणून मी उशाजवळचं स्टूल आवरायला घेतलं. त्यावर फोन होता. बर्फाचा ट्रे होता, त्यातला बर्फ वितळून गेलेला. चौघडी केलेला टॉवेल, ओला, पण रक्ताचा एक थेंब नाही. स्टुलावर पाणी सांडलं होतं, जरा पिवळट. मी ते पदरानं पुसून टाकलं. कुठे पाणी सांडलेलं मला बघवत नाही. हा धंद्याचा रोग.

उशाशी खिळा होता. कार्ड नव्हतं.

"कार्ड कुठे आहे?" मी विचारलं. मेहुणा भिंतीला टेकून बसला होता. सिस्टर दाराशी उभी होती, तिचं तोंड कागदासारखं पांढरं झालं होतं.

कुणालाच माहीत नव्हतं. गादीखाली नाही, पलंगाखाली नाही, केराच्या डब्यात नाही.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी टेलिफोन कंपनीकडून नोंद आणली. धाकटीनं दुपारी दोन चाळीसला दवाखान्यात फोन केला होता. फोन उचलला गेला होता. बोलणं चार मिनिटं चाललं होतं.

म्हणजे आमच्या दवाखान्यात कुणीतरी माझ्या बहिणीशी चार मिनिटं बोललं आणि तिला मरायला घरी ठेवलं. आणि ज्यावर तिनं भिजलेले पॅड लिहिले होते ते कार्ड त्या खोलीतून कुणीतरी उचललं. दोघं एकच. ते कोण, हे कळेपर्यंत मी रडणार नाही, असं मी ठरवलं.

३

दवाखान्यात एकाच नंबरचे तीन फोन होते. एक काउंटरवर, एक सिस्टरांच्या खोलीत, एक मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत.

काउंटरवरची बाई दोन ते तीन जेवायला जाते. त्या दिवशी ती पाच जणींबरोबर डबा खात होती, पाचही जणींनी सांगितलं. मोठे डॉक्टर म्हणाले, ते त्या वेळी वरच्या मजल्यावर स्वतःच्या घरी आडवे झाले होते. राहिली सिस्टरांची खोली. बुधवारी गोळ्यांच्या फोनची जबाबदारी उंच सिस्टरची होती, फळ्यावर तिचं नाव होतं.

ती म्हणाली, "मी प्रसूतीच्या खोलीत होते. जुळ्यांची बाई होती. मोठ्या डॉक्टरांनीच पाठवलं."

मोठे डॉक्टर म्हणाले, "मी? फोनवरच्या सिस्टरला मी कशाला हलवीन? माझाच नियम आहे तो."

झालं. पस्तीस वर्षं नाव कमावलेल्या माणसाचा शब्द एकीकडे, सिस्टरचा दुसरीकडे. चौकशीसाठी तीन माणसांची समिती नेमली गेली. तारीख तीन आठवड्यांनंतरची.

तरी मी घड्याळवाल्या मेहुण्याला सोडलं नाही. त्याला मूल हवं होतं, हे मला ठाऊक होतं. रविवारी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं.

"तिनं तुला दुकानात फोन केला होता का?" मी त्याला सरळ विचारलं. "खरं सांग. तू येतो म्हणालास आणि आला नाहीस का? म्हणून कार्ड लपवलंस का?"

त्यानं हातातलं घड्याळ खाली ठेवलं. "ताई, मी तिच्याशी दोन दिवस बोललो नव्हतो. तिनं मला कशाला फोन करावा? हेच मला खातंय. तुम्ही मला आणखी काय मारणार?"

खोटं बोलणारा माणूस इतकी वाईट बाजू स्वतःहून सांगत नाही. मी त्याला सोडलं.

शेजारच्या बाई निवृत्त शिक्षिका. भिंत पातळ, कान तिखट.

"फोनवर बोलताना ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "तिचं ते नेहमीचं, परत म्हणून दाखवायचं. 'चार भिजले, हो, दोन तासांत चार.' मग जरा थांबली. मग म्हणाली, 'पाय वर. आणि पोटावर. बरं, पडून राहते.' मग थोड्या वेळानं फ्रिजचं दार आपटायला लागली. ठक, ठक, ठक. मी मनात म्हटलं, हिला दुपारचं काय सुचलंय. जाऊन बघायला हवं होतं मी. आळस केला."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. माझा सगळा राग एका उंच बाईसाठी राखून ठेवला होता.

४

धोबिणीचा सूड कसा असतो ते सांगते.

उंच सिस्टरचे गणवेश माझ्याकडे यायचे. मी त्यांच्या कॉलरला दुप्पट खळ घातली आणि इस्त्रीनं धार काढली. चार दिवसांत तिच्या मानेवर लाल वळ उठले. तिनं तक्रार केली नाही. मग मी बाह्यांना घातली. काखेत सोलून निघालं असेल तिच्या. तरी गप्प. ती गप्प राहिली की मला वाटायचं, पाप बोलतंय.

जिन्यात, जेवणाच्या खोलीत, काउंटरपाशी मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "काही लोकांना फोनपेक्षा गप्पा प्याऱ्या असतात." नव्या बाया तिच्या हातून गोळी घ्यायला कचरू लागल्या. दोघी उठून गेल्या. त्या कुठे गेल्या असतील, कुणा अडाण्याच्या हातात पडल्या असतील, याचा मी तेव्हा विचारही केला नाही. आज करते.

त्याच दिवसांत बुटकीशी माझं भांडण झालं. मोठ्या डॉक्टरांचा एक कोट आला होता, खिशावर पिवळा डाग. बुटकीनं सवयीप्रमाणे उकळतं पाणी ओतलं आणि डाग कापडात घट्ट बसला.

"घातलास ना रंग पक्का करून?" मी म्हणाले.

"मावशी, त्यात काय एवढं. डॉक्टर म्हणाले, जुना झालाय, फाडून फडकी करा."

"कॉलर अजून कोरी आहे याची. फडकी करण्याएवढं काय झालंय कोटाला? ठेव फळीवर."

माझ्याकडे एक फळी होती, हट्टी डागांची. न निघणारा डाग मी टाकून देत नसे. महिना लागो, दोन महिने लागोत, मी त्याच्या मागे असायचे. आमच्या दवाखान्यात हे सगळ्यांना माहीत होतं. मोठ्या डॉक्टरांना नव्हतं. ते तळघरात कधी उतरलेच नव्हते.

समितीच्या आदल्या दिवशी दुपारी मी इस्त्री करत होते. दारात सावली पडली. मान वर केली तर उंच सिस्टर. मानेवर रुमाल बांधलेला.

तिनं आत येऊन दार लावून घेतलं.

५

"उद्या तू साक्ष देणार आहेस," ती म्हणाली.

"देणार."

"दे. पण आधी माझी मान बघ." तिनं रुमाल सोडला. कातडी सोलली होती. "हे तू केलंस हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मी गप्प बसले. मला वाटलं, हिची बहीण गेलीय, हिला कुठेतरी दात रोवू देत. पण आता एक सांग. मी तुझ्या बहिणीशी फोनवर काय बोलले असं तुला वाटतं?"

"शेजारणीनं ऐकलंय. पाय वर करून पडून राहा म्हणालीस. आणि पोटावर ठेवायला सांगितलंस."

"काय ठेवायला?"

"बर्फ. ट्रे तिथेच होता. टॉवेलची चौघडी होती."

सिस्टर खुर्चीवर बसली.

"सोमवारी तू शेजारीच होतीस," ती मग म्हणाली. "मी काय सांगितलं होतं? कळांना काय?"

"गरम पाण्याची पिशवी."

"एकवीस वर्षं मी गरम पिशवी सांगते. बर्फ मी कुणाला दिलाय? आठव. तू तर सगळ्यांच्या पिशव्यांची कव्हरं धुतेस."

माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली आणि खालचा उशीचा अभ्रा जळाला. सबंध नोकरीत जळालेला तो माझा एकमेव अभ्रा.

कव्हरं. गरम पिशव्यांना निळ्या फ्लॅनेलची कव्हरं, ती सगळ्या खोल्यांतून यायची, त्यांना रबराचा वास. बर्फाच्या पिशव्यांना पांढरी कव्हरं, ती नेहमी ओलीगार यायची आणि फक्त एकाच माणसाच्या पेशंटांकडून यायची. बाळंतपणानंतर रक्त थांबावं म्हणून ओटीपोटावर बर्फ ठेवायचा, ही त्यांची जुनी पद्धत. तरुण डॉक्टर पाठीमागे हसायचे. मोठ्या डॉक्टरांच्या शिवाय आमच्या दवाखान्यात बर्फ कुणी वापरत नव्हतं.

मी इस्त्री बंद केली आणि चिठ्ठ्यांचा खण उघडला. वरून येणाऱ्या प्रत्येक गाठोड्याला आम्ही चिठ्ठी बांधायचो, कुठून आलं, किती वाजता, पाठवणाऱ्याची सही. त्या बुधवारची चिठ्ठी तिथेच होती. प्रसूतीची खोली, जुळी, तीन पंचवीस. सही उंच सिस्टरची. जुळ्यांची बाई पाऊण तासात मोकळी होत नाही. दोन चाळीसला ही बाई तिथेच होती. तिचा निर्दोषपणा तीन आठवडे माझ्याच खणात पडून होता आणि मी खण उघडला नव्हता. मला उघडायचाच नव्हता.

"सिस्टर," मी म्हणाले, "तू त्या दिवशी घरी आधी पोचलीस. डॉक्टर आत आले तेव्हा कुठे होतीस?"

"तुझ्या मेहुण्याला धरून बसले होते, बाहेरच्या खोलीत. डॉक्टर एकटेच आत होते. पाचेक मिनिटं."

मग मला स्टुलावरचं पिवळट पाणी आठवलं. धाकटीनं नंबर बघायला कार्ड खिळ्यावरून काढलं असणार, फोनशेजारी ठेवलं असणार. त्यावर तो ट्रे. बर्फ वितळला आणि कार्ड भिजलं.

मी फळीपाशी गेले, कोट खाली काढला आणि खिसा उलटा केला.

६

समिती दवाखान्याच्याच मोठ्या खोलीत बसली. बाहेरगावचे दोन डॉक्टर, त्यातल्या एक बाई, आणि एक वकील. मोठे डॉक्टर कडक इस्त्रीच्या कोटात होते. तो मीच केला होता, खास. मला ते त्या दिवशी नीटनेटके हवे होते.

माझं नाव पुकारलं तेव्हा मी हँगरवर दुसरा कोट घेऊन गेले.

"हे काय?" वकिलांनी विचारलं.

"माझी साक्ष."

मी आधी बर्फाचं सांगितलं, मग कव्हरांचं, मग जुळ्यांच्या चिठ्ठीचं. मोठे डॉक्टर शांतपणे ऐकत होते. शेवटी हसले.

"मावशींचं दुःख मी समजू शकतो. पण बर्फ काय, कुणालाही सुचतो. त्या बिचारीला स्वतःलाच सुचला असेल."

"असेल," मी म्हणाले. "हा कोट तुमचाच ना, साहेब? आत तुमचा धुलाई नंबर आहे."

"असेल. मी टाकायला सांगितला होता."

"हो. इथेच चुकलं तुमचं." मी खिसा उलटा करून टेबलावर पसरला. आतल्या पांढऱ्या कापडावर चौकोनी पिवळा डाग, हाताच्या पंजाएवढा. "हा भिजलेल्या पिवळ्या कार्डाचा रंग आहे. मी काल असंच कार्ड ओलं करून याच कापडाच्या तुकड्यावर दाबलं. हा तुकडा. रंग ताडून बघा."

समितीतल्या डॉक्टरबाईंनी दोन्ही शेजारी धरले.

"माझ्या दवाखान्याचं कार्ड माझ्या खिशात असणं हा गुन्हा आहे का?" मोठे डॉक्टर म्हणाले. आवाज जरा चढला होता. "शेकडो कार्डं आहेत."

"डागाचा वरचा कोपरा बघा," मी डॉक्टरबाईंना म्हणाले. "जिथे कार्डाला भोक, तिथे रंग लागत नाही. पांढरं राहतं. इथे किती ठिकाणी पांढरं आहे?"

त्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "दोन. एक कडेला, अर्धं. एक त्याच्या आत, पूर्ण गोल."

मी सांगणार होते, पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि समोरच्या कागदांत शोधू लागल्या. उंच सिस्टर एक नंबरची काटेकोर बाई. घटनेच्या दुसऱ्याच दिवशी तिनं चार पानी जबानी लिहून दिली होती, सोमवारी काय काय केलं त्याचा बारीकसारीक तपशील. तेव्हा या कोटाचं कुणाला स्वप्नही पडलेलं नव्हतं. डॉक्टरबाईंना ओळ सापडली. त्यांनी मोठ्यानं वाचली.

"'कार्डाला भोक पाडताना पहिलं कडेला फाटलं, म्हणून शेजारी दुसरं पाडलं.'"

मागे बसलेला मेहुणा उभा राहिला.

"साहेब, तुम्ही कार्ड नेलंत तर मला सांगितलं का नाही?" तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी तुम्ही भेटायला आलात तेव्हा मी तुमच्यासमोर परत गादी उचलून शोधत होतो. तुम्ही म्हणालात, जाऊ द्या, कागदाचं काय एवढं."

मोठे डॉक्टर खिशातल्या त्या दोन पांढऱ्या ठिपक्यांकडे बघत होते. ठिपके त्यांच्याकडे बघत होते. पाणी मागितलं त्यांनी. कुणी दिलं नाही.

"दुपारची वेळ होती," ते शेवटी म्हणाले. "खोलीत खुर्चीतच डोळा लागला होता. फोन वाजत राहिला. मला वाटलं, कुणी बाळंतीण आहे. मी विचारलं नाही."

"ती चार म्हणाली," मी म्हणाले. "दोन तासांत चार. तिनं तुम्हाला परतही म्हणून दाखवलं असेल."

"हो."

"मग?"

"बायका फार मोजतात, असं मला वाटलं."

चौकशी तिथेच संपली. बाकी सगळं त्यांनीच ओळीनं सांगितलं. सिस्टरला जुळ्यांकडे त्यांनीच पाठवलं होतं. शेजारणीचा फोन आल्यावर तिच्या घरी गेले तर कार्डावर धाकटीच्या अक्षरात दिसलं, 'दोन चाळीस, फोन केला, डॉक्टर म्हणाले बर्फ.' ते त्यांनी खिशात घातलं आणि घरी जाऊन जाळलं. गोळ्या दोषी नव्हत्या. त्याच वर्षी आमच्याकडे चारशेच्या वर बायकांनी त्या घेतल्या आणि दोन दिवस कळा सोसून कामाला लागल्या. धाकटी हजारातली ती एखादी होती. तीही वाचली असती, दहा मिनिटांच्या अंतरावर सगळं होतं, पिशवी साफ करायची खोली, सलाइन, रक्त. फोनवर कुणीतरी "या" एवढं म्हणायचं होतं.

मी घरी गेले आणि तेव्हा रडले.

७

मोठ्या डॉक्टरांचा परवाना गेला. खटला चालला, तीन वर्षांची शिक्षा झाली. वयाकडे बघून निम्म्यातच सोडलं. मग ते दुसऱ्या गावी मुलीकडे राहायला गेले. तिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

दवाखाना तरुण डॉक्टरांनी चालवायला घेतला. गोळ्यांच्या फोनला वेगळा नंबर झाला आणि त्या फोनवरच्या सिस्टरला कुणीही, कशासाठीही हलवायचं नाही, असं भिंतीवर लिहिलं गेलं. पिवळ्या कार्डावर एक ओळ वाढली, 'बर्फ नको, गाडी बोलवा.'

बुटकी माझ्यानंतर धुलाईची मुख्य झाली. अजूनही आधी उकळतं पाणीच ओतते, आणि वर सांगते, "एका डॉक्टरला मी पकडलाय." खोटं नाही.

शेजारच्या बाईंनी धाकटीच्या मुलांना दहावीपर्यंत फुकट शिकवलं. मेहुण्यानं दुसरं लग्न केलं नाही. त्याच्या दुकानात एक भिंतीवरचं घड्याळ दोन चाळीसवर थांबलेलं असायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, हे बंद आहे. तो म्हणायचा, असू दे. गेला तोही, पाच वर्षं झाली. मुलगी आता टेलिफोनच्या मदत केंद्रावर काम करते आणि आईसारखीच सगळं परत म्हणून दाखवते.

उंच सिस्टर निवृत्त झाल्यावर माझ्याच इमारतीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहायला आली. मानेवरचे वळ गेले, पण ती कधीकधी गळ्याशी हात नेते. मी माफी मागितली होती. ती म्हणाली, "माग आणखी दहा वर्षं, मग बघू." दहा झाली, वीस होत आली. माझी कंबर धरली की तीच गरम पिशवी घेऊन वर येते आणि म्हणते, "बघ, बर्फ नाही आणला."

आणि मी. लोक म्हणतात, म्हातारपणी माणूस माफ करतो. मी केलं नाही. दर वर्षी त्या तारखेच्या आठवडाभर आधी मी एक कोरं पिवळं कार्ड घ्यायचे. सिस्टर तिचा जुना पंच काढायची. पहिलं भोक कडेला, फाटेल असं. दुसरं त्याच्या आत. पाकिटात घालून मी ते मोठ्या डॉक्टरांच्या मुलीच्या पत्त्यावर पाठवायचे. आत एक अक्षर नाही. त्यांच्या मुलीनं एकदा फोन केला, म्हणाली, "बाबांना पोस्टमनची सायकल दिसली की घाम फुटतो, हे थांबवाल का?" मी म्हणाले, "तुझ्या बाबांना विचार, बायका किती मोजतात ते."

चौदा पाठवली. चौदावं परत आलं. पाकिटावर पोस्टानं लिहिलं होतं, घेणारा मयत.

सिस्टरनं ते हातात घेऊन उलटसुलट केलं. "आता?"

"आता काही नाही. संपलं."

पुढच्या वर्षी ती तारीख जवळ आली, तेव्हा मी तिच्या दारावर टकटक केली. काय हवंय ते मी सांगितलं नाही. तिनं दार उघडलं. पंच तिच्या हातातच होता.